धूर वाचणारी माणसं

वाफेच्या इंजिनाबद्दल सांगायचं तर मला सुरुवात करावीशी वाटते ती धुराड्याच्या तळाशी दडलेल्या एका आखूड नळीपासून. बाहेरून ती दिसत नाही. इंजिनाच्या तोंडावरचं मोठं गोल दार उघडलं, म्हणजे स्मोकबॉक्स उघडला, तरच दिसते. तिला ब्लास्ट पाइप म्हणतात. सिलिंडरमधलं काम आटोपलेली वाफ या नळीच्या अरुंद तोंडातून धुराड्यात सुटते आणि जाताजाता आसपासचे गरम वायू ओढून नेते. त्यामुळे स्मोकबॉक्समधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. मग मागच्या फायरबॉक्समधले, म्हणजे आगीच्या पेटीतले, वायू बॉयलरच्या नळ्यांतून पुढे धावतात आणि त्यांच्या जागी खालच्या जाळीतून ताजी हवा जळत्या कोळशात शिरते. घरच्या चुलीला फुंकणी मारायला कुणीतरी लागतं. ही चूल स्वतःच स्वतःला फुंकते.

यातली खरी करामत पुढे आहे. गाडी जड असली, चढ लागला, की ड्रायव्हर जास्त वाफ सोडतो. जास्त वाफ बाहेर पडली की ओढ वाढते, ओढ वाढली की आग फुलते, आग फुलली की पाणी अधिक जोराने उकळतं. जितकं काम, तितकी आग. त्यासाठी ना पंखा, ना वायर, ना कुठलं नियंत्रण करणारं यंत्र. आपल्या कानात बसलेला तो भक्-भक् आवाज म्हणजे या नळीतून सुटणाऱ्या वाफेचे ठोके. इंजिनाला दोन सिलिंडर, प्रत्येकात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने वाफ, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. पॅसेंजर गाड्यांच्या डब्ल्यूपी इंजिनाचं मोठं चाक १.७ मीटर व्यासाचं होतं, म्हणजे एका फेऱ्यात ते सव्वापाच मीटरहून थोडं जास्त अंतर कापायचं. ताशी १० किलोमीटर वेगाला सेकंदाला दोन ठोके पडतात, ते मोजता येतात. ताशी ६० ला सेकंदाला बारा होतात आणि कानाला एकच अखंड घरघर लागते. रुळांजवळ राहणारी माणसं डोळे मिटून गाडीचा वेग सांगायची, ते याच हिशेबाने.

माझे आबाजी, म्हणजे आईचे वडील, रेल्वेत होते. क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन झाले, मग शंटर आणि शेवटी मालगाडीचे ड्रायव्हर. आम्ही नातवंडं नागपूरला अजनीच्या क्वार्टरमध्ये सुट्टीला जायचो. पुलावर उभं राहून इंजिनाच्या फायरबॉक्समधला लाल उजेड दिसला की मी ओरडायचो. आबाजी म्हणायचे, "आगीकडं काय पाहून राहिला पोरा? धूर पाय, धूर."

धुरात काय पाहायचं हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. काळाकुट्ट धूर निघतोय म्हणजे कोळसा जास्त पडलाय आणि हवा पुरत नाहीये. जळण वायाच चाललंय. धुराड्याच्या तोंडावर काहीच दिसत नसेल तर आग पातळ झाली असेल, कुठेतरी भोक पडून तिथून थंड हवा आत घुसत असेल. बरोबर धूर कोणता, तर फिकट राखाडी, क्षणभर दिसून विरणारा. फायरमन कोळसा टाकायचा, मान वर करून धुराडं पाहायचा, पुन्हा टाकायचा. फायरबॉक्सचं दार उघडलं की आतल्या पांढऱ्या झोताने डोळे दिपतात, आग कुठे कशी आहे ते दिसतच नाही. त्यावर एक युक्ती होती: बेलचा, म्हणजे कोळशाचं फावडं, उलटा करून दारातून आत घालायचा. पात्यावरून वळलेली हवा ज्वाळांना बाजूला सारते आणि तेवढ्या फटीतून कोळशाचा थर दिसतो.

पुस्तकात इंजिनाचं चित्र असतं, बाण असतात, क्रमांक असतात. ते सगळं खरंच असतं. पण बेलच्यावर किती कोळसा घ्यायचा, मनगट कसं फिरवलं की तो मागच्या कोपऱ्यात पडतो आणि कसं फिरवलं की पुढे पसरतो, हे कुठल्या चित्रात येणार? वाफेचं इंजिन चालायचं ते निम्मं लोखंडावर आणि निम्मं या अंदाजांवर. आज लोखंड आपल्याकडे पुष्कळ शिल्लक आहे. अंदाज मात्र झपाट्याने संपत चालले आहेत, आणि हा लेख लिहिण्याचं माझं कारण तेच आहे.

आधी थोडं मागे जातो. वाफेने काम करणारं पहिलं उपयोगी यंत्र थॉमस न्यूकोमेनचं, १७१२ चं. खाणीतलं पाणी उपसायला ते केलं होतं. त्यात वाफ ढकलत नव्हती. सिलिंडरमध्ये वाफ थंड करून पोकळी करायची आणि बाहेरच्या हवेने दट्ट्या दाबायचा. जेम्स वॉटने १७६९ मध्ये वेगळ्या कंडेन्सरचं, म्हणजे वाफ सिलिंडरबाहेर थंड करणाऱ्या भांड्याचं, पेटंट घेतलं आणि कोळसा खूप वाचवला, पण जास्त दाबाच्या वाफेला तो धोकादायक मानायचा. ती धास्ती बाजूला सारली रिचर्ड ट्रेव्हिथिकने. दाब वाढवला की यंत्र लहान होतं, लहान झालं की गाड्यावर बसतं. २१ फेब्रुवारी १८०४ ला वेल्समधल्या पेनिडॅरन इथे त्याच्या इंजिनाने १० टन लोखंड आणि त्यासोबत सत्तर माणसं ओढून नेली. वापरलेली वाफ धुराड्यात सोडली की आग फुलते, हे त्याच्याही ध्यानात आलं होतं. त्याचं इंजिन हरलं ते रुळांपायी. बिडाच्या पट्ट्या त्या वजनाखाली तुटत गेल्या.

पुढची पंचवीस वर्षं खाणींच्या आसपास अशीच धडपड चालली. ऑक्टोबर १८२९ मध्ये इंग्लंडमधल्या रेनहिलला इंजिनांची स्पर्धा झाली आणि जॉर्ज व रॉबर्ट स्टीफन्सन या बापलेकांच्या 'रॉकेट'ने ती जिंकली. तिच्या बॉयलरमध्ये गरम वायू नेणाऱ्या आधीच्या एका जाड नळीऐवजी तांब्याच्या २५ नळ्या होत्या, म्हणजे आगीला पाणी तापवायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळाला. ही कल्पना सुचवणारा हेन्री बूथ इंजिनिअर नव्हता, तो रेल्वे कंपनीचा चिटणीस होता, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. अनेक नळ्या, ब्लास्ट पाइप आणि चाकांना थेट जोडलेले दांडे, या तीन गोष्टी रॉकेटमध्ये एकत्र आल्या. त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षं जगभर बनलेली लाखो इंजिनं अंगाने वाढली, मूळ रचना तीच राहिली.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं जोडून. ती कथा मराठी वाचकाला पाठ आहे. नागपूरकराला रस आहे तो पुढच्या चौदा वर्षांत. थळ घाट १८६५ मध्ये पार झाला, १ फुटाचा चढ ३७ फुटांत. पुण्याकडच्या भोर घाटात त्याआधी पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर गेले होते. आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ नागपुरात आले.

ते कशासाठी आले हे लपलेलं नव्हतं. कापसासाठी. रेल्वेआधी इकडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. वाटेत पाऊस, धूळ, महिनेच्या महिने. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचा भाव कडाडला. रूळ नागपुरात पोहोचेपर्यंत युद्ध संपून ती तेजीही ओसरली होती. पण रूळ राहिले. कापूस तिकडे, कापड इकडे, हा व्यवहार त्यांच्यावरून रोज होऊ लागला.

त्या व्यवहाराला इथल्या इथे उत्तर दिलं एम्प्रेस मिलने. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं ते जवळ पिकणारा कापूस, जवळचा कोळसा आणि रेल्वे पाहून. १ जानेवारी १८७७ ला जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागरापाशी, गिरणी सुरू झाली. तिचा कारभार ज्यांच्या हाती दिला ते बेझनजी मेहता रेल्वेच्या नोकरीतून आलेले. गिरणीतली वाफ आणि रुळांवरची वाफ या एकाच घरच्या दोन बहिणी होत्या. एकीने सूत कातलं, दुसरीने ते बाजारात नेलं, आणि दोघींच्या पोटात गेला तो चांदा-वर्ध्याकडचा कोळसा.

मग बेंगॉल नागपूर रेल्वे आली. १८८७ मध्ये कंपनी झाली, आधीची छत्तीसगडकडची मीटरगेज लाइन तिने घेऊन रुंद केली, आणि १९०० पर्यंत नागपूरहून थेट हावड्यापर्यंत रूळ जोडले गेले. १९२० च्या दशकात सातपुडा ओलांडून इटारसी जोडलं गेलं, सावनेरच्या दगडात बांधलेली स्टेशनची इमारत १९२५ मध्ये खुली झाली, १९२९ मध्ये ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली आणि नागपूर चारही दिशांचं नाकं झालं. स्टेशनच्या पूर्वेकडच्या दाराला आजही लोक संत्रा मार्केटचं दार म्हणतात. संत्रं नासकं फळ. आगगाडी नसती तर ते काटोल-कळमेश्वरच्या बागांपासून फार लांब गेलं नसतं.

याच रुळांची दुसरी बाजूही सांगायला हवी. मध्य प्रांतात १८९६–९७ आणि १८९९–१९०० ला दुष्काळ पडले. रेल्वेने धान्य आत आणलं हे खरं, आणि त्याआधीच्या वर्षांत इथला गहू निर्यातीसाठी बंदराकडे नेला तोही रेल्वेनेच. ज्या इंजिनावर माझं इतकं प्रेम आहे त्याने काय ओढायचं हे इंजिनाने ठरवलं नाही, पण ज्यांनी ठरवलं त्यांच्या हाताला बळ याच इंजिनाने दिलं.

आता पुन्हा आबाजींच्या इंजिनावर चढू या. त्यांचं बरंचसं आयुष्य मालगाडीच्या डब्ल्यूजी इंजिनांवर गेलं, नागपूर ते आमला. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० मध्ये बाहेर पडलेलं पहिलं इंजिन, 'देशबंधू', याच जातीचं. बॉयलरचा दाब चौरस इंचाला २१० पौंड, जाळीचं क्षेत्रफळ ४६ चौरस फूट, टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, सुमारे २२ हजार लिटर पाणी. इंजिनावर तीन माणसं: ड्रायव्हर आणि दोन फायरमन. एकजण कोळसा टाकायचा, दुसरा टेंडरमध्ये उभा राहून ढेकळं फोडायचा आणि पुढे सरकवायचा. पांढुर्ण्यापुढे तिगाव ते चिचोंडा घाट लागतो. तिथे मागून ढकलायला दुसरं इंजिन जोडत. अशा चढावर तासाला टनभर किंवा त्याहून जास्त कोळसा बेलच्याने उचलून त्या दारातून आत जायचा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, समोर पांढरी आग, आणि पाठीला नागपूरची लू. आबाजींच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बारीक डाग होते. आम्ही लहानपणी त्यांना देवीचे व्रण समजायचो.

घाटात सगळ्यांत मोठी काळजी कोळशाची नसते. फायरबॉक्सच्या छताला क्राउन शीट म्हणतात. त्याच्या खाली आग आणि वर पाणी. पाणी आहे तोवर ते पोलाद सुरक्षित, कारण त्या दाबाला पाणी सुमारे २०० अंशांवर उकळतं आणि पत्रा फार तापू देत नाही. पाणी छताखाली गेलं की पत्रा लाल होतो, मऊ पडतो, आणि वरचा दाब त्याला फाडून खाली येतो. आता चढाचा विचार करा. इंजिन नाक वर करून चढतंय तेव्हा पाणी मागे, म्हणजे फायरबॉक्सच्या छतावर साचतं आणि पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत भरपूर दिसतं. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे सरकतं आणि छताचा मागचा भाग उघडा पडू शकतो. म्हणजे चढावर काच जे दाखवते त्यावर भरवसा ठेवायचा नाही. उतार लागल्यावर किती उरेल त्याचा हिशेब आधीच करायचा. छतात शिशाचा एक बूच बसवलेला असतो. पाणी गेलं की तो वितळतो आणि वाफ आगीवर सुटून इशारा देते. पण बूच वितळण्याची पाळी येणं ही फायरमनसाठी नामुष्की होती. आबाजींचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: "कोळसा कमी पडला तं गाडी लेट होते. पानी कमी पडलं तं घरी तार येते."

हे पाणी चालत्या इंजिनात भरायचं कसं? बॉयलरमध्ये २१० पौंडांचा दाब आहे, त्याच्या विरुद्ध टेंडरमधलं थंड पाणी आत ढकलायचं आहे. १८५८ मध्ये आंरी झिफार या फ्रेंच इंजिनिअरने ते एकही हलता भाग नसलेल्या उपकरणाने करून दाखवलं: इंजेक्टर. बॉयलरचीच वाफ एका निमुळत्या नळीतून सोडली की तिला प्रचंड वेग येतो. ती थंड पाण्याला भिडते, क्षणात तिचं पाणी होतं, पण तिचा वेग त्या सगळ्या पाण्याला मिळतो. पुढे नळी रुंद होत जाते, वेग कमी होतो, त्याचा दाब बनतो, आणि तो दाब बॉयलरच्या दाबावर मात करतो. बॉयलरमधून निघालेली वाफ त्याच बॉयलरचं दार ढकलून पाणी घेऊन परत आत जाते. मी हे कितीही वेळा वाचलं, समजून घेतलं, आकृती काढून पाहिली, तरी प्रत्येक वेळी आनंद होतो.

ड्रायव्हरचं कसब दुसरीकडे असायचं. गाडी सुटताना दट्ट्याच्या जवळजवळ सगळ्या प्रवासभर वाफ द्यावी लागते. वेग आला की तो रिव्हर्सर, म्हणजे वाफ किती वेळ आत घ्यायची ते ठरवणारा दांडा, मागे घेत जातो; मग सुरुवातीच्या पाव भागातच वाफ आत येते आणि उरलेला प्रवास ती स्वतः पसरून दट्ट्याला ढकलते. असं चालवणारा ड्रायव्हर कमी कोळशात तीच गाडी नेतो. जो हे करत नाही त्याची शिक्षा फायरमनच्या पाठीला मिळते. म्हणून फायरमनांना शेडमधल्या प्रत्येक ड्रायव्हरचा हात माहीत असायचा. रात्री कॉल बॉय दार ठोठावून ड्युटीची वर्दी द्यायचा तेव्हा आबाजींचा पहिला प्रश्न असायचा, "ड्रायव्हर कोन हाय?" आजी तोवर उठून डबा करायला लागलेली असायची. तिच्या नोकरीची नोंद कुठल्या रजिस्टरात झाली नाही.

इतकं करून हाती काय लागायचं? कोळशातल्या उष्णतेपैकी सहा ते आठ टक्के चाकापर्यंत पोहोचायची. बाकी धुराड्यातून आकाशात. यंत्र म्हणून वाफेच्या इंजिनाचा पराभव या आकड्यात आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. डिझेल आणि विजेची इंजिनं कितीतरी कमी जळणात, कितीतरी कमी माणसांत, तेच काम करतात. फायरमनचं काम पुन्हा कुणाच्या वाट्याला यावं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० मध्ये चित्तरंजनला बनलं, त्याचं नाव 'अंतिम सितारा'. त्यानंतरही भारतात वाफ पंचवीस वर्षं टिकली, कारण कोळसा आपला होता. आपल्या विदर्भात तर यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरच्या 'शकुंतला' या नॅरोगेज गाडीला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होतं.

आता कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, २००२ मध्ये सुरू झालेलं. मी तिथे आवडीने जातो, मुलांना नेतो. सातपुड्याच्या नॅरोगेज लाइनी आता मोठ्या झाल्या, तेव्हा त्यांची आठवण कुणीतरी जपली याचं मला फार मोल वाटतं. पण रंगवलेलं थंड इंजिन पाहून मुलाला त्याचा आकार कळतो, काम कळत नाही. ब्लास्ट पाइपची ओढ, पाण्याची काच, धुराचा रंग, हे सगळं आग असेल तरच असतं. हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये जिवंत इंजिनं ठेवली आहेत. १८५५ ची 'फेअरी क्वीन' १९९७ मध्ये पुन्हा चालवली गेली. मग नागपुरात एक लहानसं इंजिन वर्षातून काही दिवस पेटतं का ठेवू नये? वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय याच शहरात आहे, रेल्वेच्या दोन विभागांची कार्यालयं किंग्सवेवर आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजांना तोटा नाही. मुलांनी बेलचा हातात घ्यावा, धूर काळा झाल्यावर रागावून घ्यावं, पुन्हा टाकून पाहावं.

शिकवणारे अजून आहेत. वाफेच्या शेवटच्या वर्षांत लागलेले फायरमन आज सत्तरी-ऐंशीत असतील. अजनी, मोतीबाग, इतवारी, आमला, बडनेरा, भुसावळ, कुठेही तुमच्या ओळखीत, घरात, गल्लीत असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि फोनवर रेकॉर्ड करून घ्या. नुसतं "तेव्हा कसं होतं?" विचारू नका, त्याला "बरं होतं" असं उत्तर मिळतं. नेमकं विचारा. मागच्या कोपऱ्यात कोळसा कसा टाकायचे? राखेचा कोळसा आला तर जाळीवरचा क्लिंकर, म्हणजे राख वितळून झालेला दगड, कशाने फोडायचे? पावसात चाक घसरलं तर वाळू केव्हा सोडायचे? रात्री धूर दिसत नसताना आग कशी ओळखायचे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आबाजींकडून विचारून घ्यायचं राहिलं. तुम्हाला कुणाकडून मिळालं तर मला जरूर कळवा.